सतरा नंबर

मंगळवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून मंगळवार.
सकाळी सातला भेरूलाल जीप लावतो नाल्याच्या अलीकडे;
पलीकडे लावली की बाजारात कुजबुज सुटते.
तरी नियाजभाई लांबूनच ओळखतो
माझ्या हातातली निळी पेटी
आणि चहावाल्याला ओरडतो,
'एक कट, मॅडम के लिए, फीकी.'
भीती असली की इंदुरात अगत्य वाढतं.

वीस कोंबड्या. प्रत्येकीला दोन काड्या,
एक घशात, एक शेपटीखाली.
पाच जणींचं मिळून एका कुपीत, गुलाबी पाण्यात, बर्फावर.
मग पिंजऱ्याचा तळ, पाण्याचं पन्हळ,
सुरीखालचा लाकडी ठोकळा,
पिसं उपटायच्या ड्रमचं एक रबरी बोट.
फॉर्म हिंदीत भरते,
आकडे मनात मराठीत मोजते.

विकताना नियाजभाई पाय धरून उलटी लोंबकळवतो,
माझ्यासमोर तीच काखेत घेतो :
पंखांवर कोपर, चोच चिमटीत,
डोस पाजताना बाळ धरावं तशी.
ही पकड मी त्याच्याकडूनच शिकले.
खात्यानं काडी दिली होती फक्त.

नमुने रात्रीच्या बसनं भोपाळला जातात.
अहवाल पाचव्या दिवशी, नाहीतर सहाव्या.
मध्ये एक रविवार येतो.
म्हणजे ज्यांच्या नावापुढे मी 'नाही आढळला' लिहिते
त्या तोवर कुठल्या कुठल्या कुकरात
तीन शिट्ट्या घेऊन उतरलेल्या असतात.
ज्या उरल्याच नाहीत
त्यांच्या प्रकृतीखाली मी सही करते.
साहेब म्हणतात, आपण कोंबडी नाही, बाजार तपासतो.
खरंय.
पण बाजाराला घसा कुठे असतो?

एकीचा अहवाल मात्र वेळेत पोचला.
नियाजभाईची भाची नुजहत, चौथीतली,
माझ्यामागे स्केचपेन घेऊन फिरायची,
मी बोलेन तो आकडा पायावर लिहायची.
सतरा नंबर. उघड्या मानेची, तांबूस, जराशी तिरळी.
ती तिनं तराजूच्या मागे खोक्यात दडवली.
पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर उभी :
'सत्रह की रिपोर्ट?'
ठीक आहे, म्हटलं.
'मालूम था,' ती म्हणाली. 'अंडा दिया उसने.'

तेव्हापासून माझ्या यादीत
सोळानंतर थेट अठरा येतो.
साहेबांनी विचारलं, हा कुठे गेला?
लिहिताना चुकलं, म्हणाले.
मोजणीत मी चुकत नाही, एकदाच चुकले होते,
तीन वर्षांपूर्वी, देवास रस्त्याकडच्या फार्मवर,
पांढऱ्या सूटमध्ये, काचेवर वाफ,
खड्ड्यात चुना, पोती हलत होती.
चारशे बारानंतर आकडा निसटला
आणि पुन्हा एकपासून सुरू करायला
कोणी थांबलं नाही.
दर पक्ष्यामागे किती रुपये मिळाले
ते त्या मालकाला अजून पाठ आहे.

ह्या शनिवारी रेसिडेन्सीतल्या झाडांखाली
दोन कावळे सापडले.
नुसते पडलेले, जखम नाही.
तेही बर्फावर भोपाळला गेलेत.
काही निघालं तर नकाशावर वर्तुळ पडेल
आणि नियाजभाईचं दुकान
वर्तुळाच्या आत येतं; मी काल पट्टीनं पाहिलंय.
त्याला अजून सांगितलं नाही.
चहा आज त्यानं साखर घालून दिला, चुकून,
मी तो पिऊन टाकला.

वीस झाल्या. पेटी बंद करणार तोच
नुजहत खोकं घेऊन आली.
'इसका भी करो. कल से चुप है.'
भेरूलालनं जीपचा हॉर्न दिला.
तिनं सतरा नंबरला काखेत घेतलं,
कोपर पंखावर, चोच चिमटीत,
हुबेहूब.
पायावरचा आकडा फिका झालाय, सातचं टोक गेलंय.

मी हातमोजे बदलते.
नवीन काडीचं पाकीट फाडते.
यादीत सोळा आणि अठराच्या मध्ये
जागा फार थोडी आहे,
अक्षर बारीक काढावं लागेल.