पाठमोरं घर

पहिल्या शनिवारी आम्ही नुसती दोरी ताणली.
चार खुंट्या, खाली खडक, वर गवताचं विरलेलं पांघरूण,
आणि पॅसिफिक, जो चिलोए बेटाच्या या कडेला
कुणाशी ओळख नसल्यासारखा येऊन आदळतो.
दोरी गुणगुणू लागली.
रोसामेल सुतार म्हणाला,
"घर अजून उभं नाही
आणि वारा भाडं मागायला लागला."

ओतोनिएलला हवी होती काच.
जमिनीपासून आढ्यापर्यंत, पश्चिमेची अख्खी भिंत.
मासिकातून कापलेलं चित्र त्याच्या पाकिटात,
घडीवर फाटत आलेलं.
तीन आठवडे मी ती काच काढत राहिले
पातळ कागदावर,
आणि खोडत राहिले.

इथे ऊन उत्तरेकडून येतं
आणि पाऊसही उत्तरेकडूनच, आडवा.
एकाच दाराशी पाहुणा आणि चोर;
कडी काढू की लावू?
शेवटी छप्पर खाली ओढलं, कपाळावर टोपी ओढावी तसं.
सरूच्या फळ्या उभ्या धरल्या, पाणी रेंगाळू नये म्हणून.
खिळे न गंजणारे.
त्या आकड्यापाशी ओतोनिएल दोनदा थांबला.
खांब मात्र खडकाने ठरवले:
सहा ओळीत, सातवा आपला एकटाच.

एदेल्मिरा काही बोलत नव्हती.
ती धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं फाडते,
सोमवार ते शुक्रवार, हातभर खिडकीत बसून.

चौथ्या शनिवारी ती दोऱ्यांच्या आत शिरली,
दार असणार होतं तिथूनच,
बूट बाहेर काढून.
कागदावर मी जिथे खाट दाखवली होती
तिथे ओल्या गवतावर आडवी झाली.
बराच वेळ.
मग म्हणाली, "आठवडाभर मी पाणीच बघते.
माणसं चढतात, उतरतात, मागे पाणी.
मला शनिवारी नेचे बघायचेत."

ओतोनिएलने पाकीट उघडलं. मिटलं.
रोसामेलने कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली,
माझीच सांडलेली परत करावी तशी.

आता घराची पाठ समुद्राकडे.
मोठी खिडकी पूर्वेला, टेकडीच्या ओल्या पोटाशी,
वाऱ्याने कुबड आणलेल्या झाडासमोर.
पश्चिमेला फक्त एक झरोका,
चुलीच्या बाजूला, पावाच्या टोपलीएवढा,
ओतोनिएलच्या डोळ्यांच्या उंचीवर.

ती उंची मोजायला
तो नसलेल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
रोसामेलने पट्टी धरली: एक मीटर छप्पन्न.
"बुटांसकट की बुटांशिवाय?" मी विचारलं.
त्याने खाली पाहिलं, विचारात पडला.
"मोज्यांसकट," गवतातून एदेल्मिरा म्हणाली,
"लाकूड असलं तरी जूनमध्ये पाय गारठतात."

मी समासात लिहून घेतलं:
मोजे, लोकरीचे, जाड.
अर्धा सेंटिमीटर.