पहिली बादली

जानेवारीतला शुक्रवार. कुवेतमध्ये नऊ अंश.
रूथ रात्रपाळी संपवून आली आणि बूटही न काढता म्हणाली,
चल, समुद्र हवा होता ना तुला?

हवा होता. पण असा नव्हे.
वाळवंटाला थंडी कुठली माहीत, म्हणून मी
बॅगेत एकच शाल आणलेली,
तीही तिच्यासाठी.

मिरजेला नर्सिंगच्या वसतिगृहात एकच बंब
आणि आम्ही अठरा जणी.
रूथची ड्यूटी सहाची, म्हणून पहिली बादली तिची.
माझी सातची. माझ्यापर्यंत यायचं ते
कोमट होण्याची नुसती इच्छा असलेलं पाणी.
तीन हिवाळे. मोजलेत मी.
काल जेवताना हे ऐकवलं तर हसता हसता तिला ठसका लागला.
म्हणाली, बावीस वर्षं झाली मला इथे,
समुद्र रोज बघते, बसच्या खिडकीतून.
पाय नाही बुडवला कधी.
उद्या फेडते तुझं.

शुवैखच्या किनाऱ्यावर आलो तर समुद्र नाही.
म्हणजे होता, पण लांब गेलेला;
आपण न कळवता कुणाकडे जावं
आणि घरचे बाजाराला गेलेले असावेत, तसा.
मागे राखाडी चिखल, खेकड्यांची बिळं,
एक उलटी पडलेली प्लास्टिकची खुर्ची.
काठावर तपकिरी लोकरी झग्यातला म्हातारा
थर्मासमधून चहा ओतत होता. आम्हाला बघून थांबला.
जुने पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, पन्नाशीच्या दोन बायका.
काहीतरी बोलला. रूथने अरबीत उत्तर दिलं.
काय म्हणाला?
पाणी दहा वाजता येईल म्हणाला.
आणि तू?
म्हटलं, दहाला मी झोपलेली असेन.

मग चालतच राहिलो.
घोटा. घोट्याच्या वर बोटभर.
पाणी इतकं गार की ते ओलं आहे हेच आधी कळेना,
वाटलं, पायाला कुणी तारा गुंडाळतंय.
अर्धा फर्लांग गेलो तरी गुडघा येईना.
अजून थोडं गेलो तर इराण येईल, रूथ म्हणाली.
गुडघा आला. पुढे काही यायची चिन्हं नव्हती.
बस, ती म्हणाली.
खाली?
मग काय, ती खुर्ची आणू?

बसलो. आखाताच्या पाण्यात, फतकल मारून,
एकमेकींचा हात धरून.
छातीशी पाणी लागलं तेव्हा आत गेलेला श्वास
परत यायला तयार नव्हता.
रूथच्या तोंडून निघालं ते आई गं नव्हतं, येशूही नव्हतं,
खास मिरज स्टँडवरची एक शिवी होती,
आणि ती पाण्यावरून इतकी लांब गेली
की काठावरच्या म्हाताऱ्याने हात वर केला.

नाक धरलं. डुबकी मारायला आडवं व्हावं लागलं.
आत हिरवट अंधार, कानांत घूं,
आणि तिचा तळवा, हात धुऊन धुऊन खरखरीत झालेला.

तीन हिवाळ्यांच्या किती होतात गं?
तीन.
उरलेल्या दोन तिने एकटीने मारल्या. मी मोजल्या.
तिसऱ्या वेळी वर यायला जरा उशीर केला तिने.
ओठ जांभळे. मग म्हणाली,
जूनमध्ये करार संपतोय माझा.
मी काही विचारलं नाही.
दात वाजत असताना माणसाला असलं काही विचारू नये.

घरी गिझर आहे, छोटा.
तू आधी जा, रूथ म्हणाली, आज पहिली बादली तुझी.
अर्धं पाणी तिला ठेवायचं, हे ठरवूनच आत गेले होते,
देवाशपथ.
पण पाठीवर ते ऊन पाणी पडलं, बोटांत रक्त परत आलं,
आणि अठरा वर्षांची कुणीतरी आतून म्हणाली, थांब अजून.
सगळं संपवलं.

दारावर थाप. अगं, उरलंय का?

नळ बंद केला. कानामागे अजून मीठ होतं.
कोमट आहे, म्हटलं.