एकदाचं

संडरलंडच्या वाचनालयात, मंगळवारी साडेसहाला,
मोरीनबाई फळ्यावर चार शब्द लिहितात,
फायनली, इव्हेंच्युअली, ॲट लास्ट, इन दि एंड,
आणि एका मापाची पातेली निरखावीत
तशा मागे सरून बघतात.
आम्ही सातजण. रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे.

इव्हेंच्युअली, त्या म्हणतात, थंड स्वभावाचा.
बस उशिरा आली, एवढंच सांगतो;
तुमचे पाय गारठले होते का, विचारत नाही.
फायनली तर आभारप्रदर्शनातही येतो,
मांडववाल्याचं नाव घ्यायच्या आधी.
पण ॲट लास्ट...
आणि बाई छातीवर हात ठेवून
अख्खा श्वास सोडून दाखवतात.
मी वहीत लिहिते : हुश्श.

तेस्फाय, इरिट्रियाचा, मासळीच्या कारखान्यातून थेट आलेला,
वाक्य करतो : माझी बायको ॲट लास्ट आली.
‘आली, की आली आहे?’
आली म्हणजे झालं, दार लागलं.
आली आहे म्हणजे अजून आहे, घरात, आत्ता.
तेस्फाय विचारात पडतो.
चार वर्षं, दोन अपिलं,
आणि शुक्रवारी न्यूकॅसलच्या विमानतळावर
तिनं त्याला आधी ओळखलंच नाही.
‘आहे,’ तो म्हणतो. ‘आहे, आहे. झोपली आहे.’
आम्ही टाळ्या वाजवतो, हळू,
जणू ती शेजारच्या खोलीत आहे.

माझ्याकडे यासाठी एकच शब्द,
पण तो माणूस बघून कपडे बदलतो.
बस आली एकदाची. पगार झाला एकदाचा.
पोराचं लग्न लागलं एकदाचं.
हे सांगितलं तर मोरीनबाई खडू खाली ठेवतील :
क्रियाविशेषणाला लिंग?
असतं हो. आमच्यात सुस्कारासुद्धा
बाईचा की बाप्याचा, ते ठरवून सोडावा लागतो.

मग माझी पाळी.
अशी गोष्ट लिहा, जिची फार वाट पाहिली.

फेब्रुवारीत पहाटे चारला वॉर्डातून फोन आला.
नर्सनं वापरलेला काळ माझ्या लक्षात आहे :
ही हॅज पास्ड. गेले, असं नाही. गेले आहेत.
म्हणजे आजच्या धड्याच्या हिशोबानं
अजून, घरात, आत्ता.

उजाडल्यावर कऱ्हाडला नणंदेला कळवलं.
शालनवन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
मग म्हणाल्या, ‘सुटले गं.’
कोण, ते सांगितलं नाही.
मराठीत कर्ता घरी ठेवून येता येतं.
ते सुटले, आदरार्थी. मी सुटले, स्त्रीलिंगी.
शब्द तोच, मात्रासुद्धा तीच.
मीही म्हटलं, ‘हो वन्सं. सुटले.’
दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही.
फोन ठेवला, ऑक्सिजनच्या यंत्राचं बटण बंद केलं
(ते रात्रभर रिकामंच घुमत होतं)
आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा
चहा गरम असताना प्यायले.

‘ही, की शी?’
मोरीनबाई माझ्या खांद्यावरून वाकल्यात.
मी नुसतं क्रियापद लिहिलंय,
त्याच्या आधी कोणीच नाही.
इंग्रजीत असं चालत नाही, त्या मायेनं म्हणतात,
कोणीतरी हवं.

मी खोडते. कागद थोडा फाटतो.
लिहिते : बस.
बस ॲट लास्ट आली आहे.
बाई बरोबरची खूण करतात.

तास संपायला वीस मिनिटं आहेत.
तेस्फाय मात्र उठलाय, कोट चढवतोय,
घाईत एक बाही उलटी.