मखमलीची दिशा

मे महिना. फत्तेगंजच्या बाजूला
कुठल्याशा वरातीचा बँड अजून थकलेला नाही.
तळमजल्याच्या खोलीत एसी खोकतो,
आणि मंगळबाजारातून आणलेल्या मीटरभर मखमलीने
मी काचपट्टी घासते. एकाच दिशेने, वीस वेळा.
परत येताना हात उचलायचा.

दोन काचांमध्ये एक थेंब.
धड पाणी नाही, धड स्फटिक नाही;
वाहतो, पण वाहतानाही लक्षात ठेवतो
मखमल कुणीकडे गेली होती.
सगळे लांबट रेणू एका कुशीवर निजलेले,
आणि त्यांच्यात माझा काचेचा मणी,
केसाच्या जाडीत पंचवीस मावतील एवढा.
त्याच्यामुळे शेजारच्यांची झोप चाळवते,
त्यांच्या शेजारच्यांचीही,
पार पडद्याच्या कडेपर्यंत.

लेझर लावते. डोळ्यांना न दिसणारा.
नियमाने मणी पळायला हवा:
काच या द्रवापेक्षा विरळ,
विरळाला प्रकाश बाहेर ढकलतो.
हा पळत नाही. थबकतो,
आणि जरा आढेवेढे घेत
उजेडाकडेच येतो.

"धरलंत कशाने, ताई?"
शंभूराव इंगळे, रात्रपाळी. टॉर्च बगलेत,
थर्मासच्या झाकणात चहा.
धरलं नाही, मी म्हणते.
उजेडाने भोवतालचे रेणू वळवले,
तो त्या वळणावरून आला.

ते मान डोलावतात, ओळखीचं काही ऐकल्यासारखी.
विश्वामित्री चढली की सोसायट्यांच्या पार्किंगमधून
मगरी काढायला त्यांना बोलावतात.
"ओढायचं नसतं. ओढलं की गिरकी घेते.
आधी ओलं पोतं डोळ्यांवर.
तिच्यापुरती रात्र करायची.
मग ऐकते. म्हणजे, ऐकत नाही. पण जाते."
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
मी बघते आहे हे बघून म्हणतात,
"त्या दिवशी पोतं कोरडं होतं."

दोन वाजता वीज गेली.
यूपीएसवर लेझर, पडदा आणि आम्ही दोघं गप्प.
तेहेतीस. चौतीस. साडेचौतीस.
पस्तीस ओलांडलं आणि थेंब सगळं विसरला.
रंग गेले, पडदा मिट्ट काळा.
पोलरायझर काढून पाहिलं:
नुसतं पाणी झालेल्या त्या द्रवात
मणी उजेडापासून दूर चाललेला,
अगदी नियमाप्रमाणे.

शंभूरावांनी खिडक्या उघडल्या,
वहीच्या पुठ्ठ्याने यंत्राला वारा घालत बसले,
आजारी माणसाला घालतात तसा.

पावणेचारला कडेकडून रंग परतले,
आधी पिवळट, मग जांभळी शीर.
रेणू पुन्हा त्याच कुशीवर.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं;
काचेला माहीत होतं.
मणीही एक सापडला, कोपऱ्यात.
तोच की दुसरा, वहीत काय लिहू?

"लिहा, मिळाला," शंभूराव म्हणाले.
"मगरीसुद्धा आम्ही तेवढंच लिहितो."