ठोकळा

उजवं मनगट मोडलं ते कूलरमध्ये पाणी भरताना.
बादली अर्धीच होती.
हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टरकडे फारसं पाहिलंच नाही,
वय विचारलं, पाळी कधी थांबली विचारलं,
आणि चिठ्ठी लिहिली: धंतोली, दुसरा माळा, डेक्सा स्कॅन.

फॉर्म डाव्या हाताने भरला.
पराते विमल नत्थूजी, त्रेसष्ट, निवृत्त, खनिज प्रयोगशाळा.
एकतीस वर्षं मी मॅंगनीज मोजलं,
मनसरचं, डोंगरी बुजुर्गचं, भरवेलीचं.
आधी हवेत वजन, मग पाण्यात बुडवून,
एकातून एक वजा, मग भागाकार.
दगड खोटं बोलत नाही, वहीत खाडाखोड चालत नाही.

ढकाते नावाची पोरगी उंची घेते: एकशे एक्कावन्न.
सर्व्हिस बुकात एकशे पंचावन्न आहे, मी म्हणते,
ओळखीची खूण, हनुवटीवर व्रण.
व्रण आहे अजून.

टेबलावर आडवं व्हायचं, साखळी काढून.
पोटऱ्यांखाली ती फोमचा चौकोनी ठोकळा सरकवते,
पाठ सपाट टेकावी म्हणून. "हलू नका, काकू."
वरून यंत्राचा हात जातो, येतो,
पाचपावलीत बाबांच्या मागावर धोटा जायचा तसा,
पण आवाज न करता.
किरण दोन, एक दुबळा, एक दमदार.
कोण किती अडलं त्याचा हिशेब लावायचा,
मांस वजा करायचं, उरेल ते हाड.
पुन्हा वजाबाकीच. बरं वाटलं.

ठोकळ्यावरून झनकलाल पटले आठवला.
खाणीवर ड्रिलिंग करायचा,
जमिनीतून निघालेल्या दगडी कांड्या पेटीत ओळीने मांडायचा.
जिथे खाली पोकळ लागलं, वर काहीच आलं नाही,
तिथे लाकडाचा ठोकळा ठेवायचा, रंगाने लिहायचा,
इतक्या मीटरपासून इतक्या मीटरपर्यंत: नाही.
जे नाही त्याचीही जागा राखावी लागते, मॅडम,
नाहीतर खालचं सगळं वर सरकते.

रिपोर्टात हिरवा, पिवळा, लाल पट्टा.
काळा ठिपका लालात, फार आत नाही.
उणे दोन पूर्णांक आठ.
उणे कशातून?
"तीस वर्षांच्या निरोगी बाईतून, काकू."
कोण ही बाई? कुठल्या गावची?
मी तीसची होते तेव्हा
लेकराला अंगावर पाजून सकाळची मनसर बस धरायचे,
डब्यात भाकर आणि ठेचा.
माझ्याशीच तुलना करायची होती
तर तेव्हा यायचं होतं मोजायला.

मग एकक वाचलं आणि राहवलं नाही.
"चौरस सेंटीमीटरला ग्रॅम? अगं, घनता घनात मोजतात!"
ती जरा थांबली.
"आम्ही सावली मोजतो, काकू. जाडी नाही दिसत त्यात."
सावली.
एकतीस वर्षांत असं सरळ उत्तर
एकाही साहेबाने दिलं नव्हतं.

'ड' जीवनसत्त्वही बारा निघालं,
पंचेचाळीस अंशांच्या या गावात,
जिथे आम्ही डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळून
उन्हापासून चोरासारखं पळतो.

खाली ऑटोवाला पन्नीत खर्रा घोटत होता.
हळू घे बापू, म्हटलं, हाडं ठिसूळ निघाली.
"मंग चुना खाऊन पाहा न, मॅडम,
गव्हाच्या दान्याएवढा, दह्यात. माही माय खाते."
त्याला कॅल्शियमचं गणित सांगणार होते,
तोंड उघडलंही होतं.
पण पुढे नवाकोरा सिमेंटचा रस्ता,
कुठल्या तरी डोंगराची चुनखडी, उन्हात पांढरीफटक,
आणि दर साडेचार मीटरला जोड,
जोडावर एक बारीक ठक्
जे थेट कमरेच्या तिसऱ्या मणक्यात लागतं.

मी मोजायला लागले.
सीताबर्डीच्या सिग्नलवर आकडा चुकला.
तिथे मनात एक ठोकळा ठेवला
आणि पुढचे ठक् पुढे मोजले.