चार कान

कुपवाड एमआयडीसी, सकाळची पाळी.
दस्तगीरमामूंनी प्रेस थांबवला
आणि एक डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला.
"पत्र्याला कान फुटल्यात, ताई."

खरंच. काठ सरळ यायचा तिथं लाट,
चार उंचवटे, मधे चार खळगे.
कापून टाकायचा पत्रा किती वाढेल
हे मगदूमसाहेबांनी कॅलेंडरच्या पाठीवर मांडलंही होतं.

कॉइल नवी. ग्रेड तोच, जाडी तीच,
सर्टिफिकेटवर शिक्का, सही,
चुंबक तसंच चिकटत होतं.

मी तुकडा घासला, आरशासारखा केला,
आम्लात बुडवून दुर्बिणीखाली धरला.
दाणेच दाणे. कोण कुठं तोंड करून बसलंय
ते या दुर्बिणीला दिसत नाही.
पुण्याहून अहवाल आला अकराव्या दिवशी,
त्यातल्या एका ओळीवर माझं बोट थांबलं:
टायटॅनियम. जुन्या पत्र्यात शेकड्याला पाव भागही नाही,
नव्यात जवळजवळ शून्य.

लाटताना दाणे चिरडतात, लांबतात,
अंगात मार साठवून भट्टीत जातात.
तिथं नवे दाणे जन्मतात
आणि जुन्यांना खात मोठे होतात.
कुणाची दिशा टिकणार, ते त्या काही मिनिटांत ठरतं.
मोकाट फिरणारा कार्बन, नायट्रोजन
टायटॅनियम आधीच बांधून ठेवतं,
मग बरेच दाणे उभे राहतात
फासा कोपऱ्यावर तोलावा तसे,
आणि पत्रा साच्यात सगळीकडून सारखा उतरतो.
ते नसलं की फासे आडवे पडतात.
पत्रा एका बाजूनं ओढ देतो, दुसऱ्या बाजूनं अडतो.
काठाला कान येतात.

"मग सर्टिफिकेट खोटं?" साहेब म्हणाले.
नाही. ग्रेडच्या कागदात टायटॅनियमचं नावच नाही.
जुना गिरणीवाला न सांगता घालत होता,
एवढंच.

हे मामूंना सांगायला गेले.
डाव्या बाजूनं ओरडून, मग उजव्या,
शेवटी हातवारे करून.
एकतीस वर्षं दोनशे टनांच्या प्रेसशेजारी.
मला तेव्हा कुठं सुचलं विचारायचं
की आवाज न ऐकता
पत्रा बिघडल्याचं कळलं कसं.
त्यांनी माझा हात धरला आणि प्रेसच्या खांबावर ठेवला.
ठोका तळव्यातून कोपरापर्यंत आला.

खांबाला खिळा आहे.
खिळ्याला इअरप्लगचं पाकीट, न फोडलेलं,
गेल्या वर्षी तपासणी यायची होती तेव्हा आणलेलं.
वजन दोन ग्रॅम असेल, नसेल.

नवी कॉइल लागली त्या दिवशी
मामूंनी पहिल्या डब्याच्या काठावरून
अंगठा फिरवला, पूर्ण एक फेरा,
कुठं अडला नाही.
"ह्याला न्हाईत," म्हणाले,
जरा मोठ्यानंच,
स्वतःला ऐकू यावं म्हणून असेल.