सरळ म्हणजे शून्य

परळला तळमजल्यावर, फिनेल आणि मलमाच्या वासात,
कॅरल परेरा माझ्या गुडघ्याला
प्लास्टिकचा कोनमापक लावते.
"बासष्ट. मंगळवारी अठ्ठावन्न होता."

चौतीस वर्षं कुर्ल्याच्या म्युनिसिपल शाळेत
भूमिती शिकवली मी.
माझ्या हिशेबाने हा एकशे अठरा, विशालकोन.
"इथे सरळ पाय म्हणजे शून्य," ती म्हणते,
"वाद नंतर घाला, सर. आधी वाकवा."

सर्जन म्हणाले होते, ऑपरेशन छान झालं.
छान त्यांचं झालं.
माझं आता सुरू: टाच गादीवरून मागे ओढायची,
दहा वेळा,
सातव्याला आई आठवते.
मग बर्फाची पिशवी. फ्रीझरमध्ये
कोळंबीच्या डब्याशेजारी तिला कायमची जागा मिळालीये.

"नव्वदच्या पुढे गेलात की जिना जमेल.
एकशेपाचला, हात न टेकता खुर्चीतून उठाल."
"आणि मांडी?"
ती वॉकरचं रबर तपासत राहते.

शेजारच्या खाटेवर इर्शाद, डिलिव्हरीवाला,
स्कूटरवरून पडलेला.
पाय उचलताना शिवी हासडतो, मग मला सॉरी म्हणतो.
दे रे, म्हणतो मी, माझ्या वाटचीही दे.

काल पहाटे जाग आली
ती दुखण्याने नाही,
कूस बदलली आणि दुखलं नाही म्हणून.
अंधारात कंपासपेटी शोधली,
पलंगावर बसून मोजला: सदुसष्ट.

कॅरल त्रेसष्ट म्हणेल.
पट्टी जराशी कलती धरून
कोन ढापणारी पोरं
मी लगेच ओळखायचो.